अकरा ते पाच

माइकवरून आपलं नाव आलं तेव्हा जयवंता खिशातलं सुपारीचं खांड चाचपत होता. आधी त्याला वाटलं, असेल दुसरा कुणी जयवंत. पंचक्रोशीत जयवंतांना काय तोटा. पण नावामागून 'धाकलू' आलं, त्यामागून आडनाव आलं, आणि त्याचा हात खिशातच राहिला. बापाचं नाव एवढ्या मोठ्या आवाजात त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. "स्थानिक शेतकरी श्री. जयवंत धाकलू यांच्या सल्ल्यानुसार," असं म्हणून पांढऱ्या शर्टातल्या माणसानं आडनाव घेतलं आणि पुढं वाचलं, "हवेचे नमुने सकाळी अकरा ते सायंकाळी पाच या वेळेत घेण्यात आले." मग दमही न खाता तो पुढच्या ओळीवर गेला. "सर्व घटक मर्यादेच्या आत आढळले." बासष्ट वर्षांच्या आयुष्यात जयवंताचा सल्ला पहिल्यांदाच कुणी छापला होता. त्यानं सुपारी तोंडात टाकली आणि ती चावायचं विसरला.

खालापुरातला तो लग्नाचा हॉल होता. आदल्या दिवशीच्या लग्नाचे लाल झगे खुर्च्यांना तसेच होते, त्यामुळे जनसुनावणीला आलेली माणसं मुलीकडची असल्यासारखी अवघडून बसली होती. सुनावणी ट्रकतळाची होती. जयवंताच्या गावाला लागून, एक्स्प्रेस वेच्या कडेला गोदामं होणार होती आणि सहाशे ट्रक उभे राहतील एवढा तळ. त्याआधी तिथली हवा मोजायची आणि लोकांना विचारायचं, असा नियम. आधीच काय कमी होतं? घाट उतरून ब्रेक तापलेले ट्रक यायचे, टोलनाक्याच्या अलीकडे रांगेत इंजिनं चालू ठेवून उभे राहायचे, आणि थंडीच्या दिवसांत पहाटेपासून तो सगळा धूर गावावर येऊन बसायचा. चार वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, सोनुबाईला, खोकला लागला. कर्जतच्या डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला आणि धुरापासून जपा म्हणाले. जयवंतानं चूल फोडली, गॅस आणला. चूल गेली, खोकला राहिला. तेव्हा त्याला कळलं की धूर घरातला नव्हताच. अजून सहाशे ट्रक आले तर बायको किती थंड्या काढील, एवढा एकच हिशोब घेऊन तो आज इथं आला होता. तो कुणाला सांगायची गरज पडणार नाही, यंत्र सांगेल, अशी त्याची खात्री होती.

ते यंत्र गावात यायचं म्हटल्यावर मारुतीच्या देवळात बैठक झाली होती. पदू म्हणाला होता, "यंत्र तेंचं, मानूस तेंचा, मग आकडा काय आपला निघनार हाय? नको म्हनून सांगा." पदू त्याच्या भावकीतला, शाळेपासूनचा सोबती, नको म्हणणं हा त्याचा धंदाच. जयवंता उठून उभा राहिला होता. खोपोलीच्या कागद कारखान्यात एकतीस वर्षं तो वजनकाट्यावर होता. भरलेला ट्रक चढवायचा, आकडा बघायचा, लिहायचा. साहेबलोक बदलले, युनियनवाले बदलले, काटा तोच. "मानूस खोटं बोलतो रं," तो म्हणाला होता, "काटा नाय बोलत. माझ्या अंगनात ठेवा यंत्र. मी बघतो." लोकांनी मान डोलावली होती. आता हॉलमध्ये बसल्या बसल्या त्याला आठवलं की काट्यावर असताना त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती आणि बैठकीत नेमकी तीच तो विसरला होता. काटा खोटं बोलत नाही हे खरं, पण काट्यावर काय चढवायचं आणि कधी चढवायचं, ते माणूसच ठरवतो. भिजलेला कागदाचा लगदा आणि उन्हात सुकलेला लगदा एकाच काट्यावर दोन वजनं दाखवतो, आणि दोन्ही खरी असतात. एकतीस वर्षांचा धडा, आणि ऐन वेळी डोक्यातून पार गेला.

समोर टेबलाच्या टोकाला नम्रता बसली होती, यंत्र घेऊन गावात आलेली कंपनीची पोर. लॅपटॉपवर बोट दाबून पडद्यावरची चित्रं ती पुढं सरकवत होती. खाली मान, कानामागं खोचलेले केस. त्याच्या अंगणातही ती अशीच बसायची, वहीत खाली मान घालून. डिसेंबरात पहिल्यांदा आली ती नेरळहून पहिल्या गाडीनं, मग कर्जतवरून रिक्षा करून, सकाळी साडेसहाला. तेवीस-चोवीसची असेल. मागून आलेल्या टेंपोतून माणसाएवढं पत्र्याचं खोकं उतरवलं, त्यात हातरुमालाएवढा पांढरा कागद घातला आणि बटण दाबलं. यंत्र घुमायला लागलं. समोर रस्ता दिसत नव्हता, नुसते दिवे सरकत होते, आणि वालाच्या शेतावर राखाडी थर बसला होता. लोक त्याला धुकं म्हणत. पाहुणे तर फोटो काढत. साडेनऊला तिनं चिमट्यानं तो कागद बाहेर काढला. तव्याचं बूड बरं. "बापरे," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला जो खोकला लागला तो थांबेना. डोळ्यांतून पाणी. सोनुबाईनं तिची पाठ चोळली, आलं-गूळ दिला, आणि तिच्या जोडीनं स्वतःही खोकली. दोघी अंगणात वाकून खोकत होत्या आणि जयवंता मध्ये तांब्या धरून उभा होता. त्या वेळी त्याला मनातून बरंच वाटलं होतं, हे आता कबूल केलं पाहिजे. कागद काळा निघाला होता. सोनुबाईचा खोकला त्या कागदावर उतरला होता, आता तो कुणाला पुसता येणार नव्हता. आणि त्याच भरात, त्या पोरीचा लाल झालेला चेहरा बघून तो म्हणाला होता, "उद्यापास्नं सकाळची येऊ नको गं. मरशील अशानं. धा-अकराला ये, वारा सुटला की. तवा बरं असतं."

"चालेल काका," ती म्हणाली होती. काळा कागद पाकिटात घालता घालता पुढं म्हणाली, "हा तसाही चाचणीचा. हा धरत नाहीत." तेव्हा ते त्याच्या कानावरून गेलं. पाहुणीला चहा द्यायचा होता.

मग ती आठवड्यातून दोनदा यायची, अकराला. तोवर ऊन तापलेलं असायचं, जमिनीवर दबलेला धूर उठून गेलेला असायचा आणि पनवेलच्या अंगाकडून वारा सुटायला लागायचा. त्या वेळी खळ्यावर भात पडलं होतं. हल्ली मळणीयंत्रातून भात निघतं, पंख्यानं फोल उडवतात, पण जयवंता आपल्या घरच्यापुरतं हातानंच वारवायचा. ते काम त्याला बापानं शिकवलं होतं. धाकलू खळ्यावर आला की आधी चिमूटभर फोल हवेत सोडायचा, ते कुठं जाऊन पडतं ते बघायचा, आणि मगच सूप उचलायचा. 'वाऱ्याला घाई करू नये, आणि वारा आला की थांबू नये,' एवढंच त्याचं शास्त्र. नम्रतानं विचारलं, वारा येणार हे कसं कळतं? आणि जयवंताचं तोंड जे सुटलं. वारवायचं काम करणाऱ्याला असं कुणी विचारत नाही. स्वतःच्या मुलानं, रूपेशनं, कधी विचारलं नाही. त्यानं तिला सगळं सांगितलं. थंडीत रात्री घाटावरची गार हवा खाली घरंगळते, ती रस्त्यावरून येते आणि येताना रस्ता बरोबर घेऊन येते. पहाटे वारा म्हणून नसतोच, झाडाचं पान हलत नाही, तेव्हा जे काय असेल ते सगळं जमिनीला धरून बसतं. ऊन चढलं की सुटतं. दुपारी समुद्राकडचा वारा येतो, तो रस्त्याचा धूर उलटा घाटाकडं ढकलतो, तेव्हा गाव स्वच्छ. पाचनंतर तो पडतो. सोमवारी पहाटे सगळ्यात वाईट, कारण रविवारी फिरायला गेलेल्या गाड्या तेव्हा परततात. मळभ असलं तर दुपारीही उठत नाही. पावसाळ्यात मात्र चिंता नाही. ती सगळं वहीत लिहून घ्यायची. त्यानं तिला चिमूटभर फोल उडवायलाही शिकवलं. तिचं पहिलं फोल तिच्याच केसांत पडलं, तेव्हा सोनुबाई हसली होती, आणि हसताना खोकली नव्हती, कारण दुपार होती.

जानेवारीच्या मध्याला एक दिवस तिनं त्याला काकाऐवजी 'बाबा' म्हटलं. त्या दिवशी तो घरभर तो शब्द घेऊन हिंडला. त्याला मुलगी नव्हती. आता खुर्चीच्या लाल झग्यावर बसून त्यानं तो दिवस पुन्हा हातात घेतला, सुपातले खडे बघावेत तसा नीट बघितला. बाबा म्हटलं ते चहाच्या आधी की नंतर? नंतर. आणि चहाच्या नंतरच तिनं एक छापील कागद पुढं केला होता, "बाबा, इथे सही करा. तुमच्या घरची वीज वापरली आणि वेळ तुमच्या सोयीनं ठरवली, एवढंच आहे." त्यानं चष्मा शोधला नाही. वजनकाट्यावर एकतीस वर्षं चष्म्याशिवाय एक आकडा न लिहिणारा माणूस, त्यानं 'बाबा' या शब्दावर सही केली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच का? पण मग तो खोकला? त्याचं मन त्या खोकल्यापाशी पुन्हा पुन्हा येऊन अडत होतं. खोकला खोटा काढता येतो, नाटकात काढतात. डोळ्यांतलं पाणी कसं खोटं काढतील? खोकला खराच होता. म्हणजे पोर खरी होती. आणि पोर खरी असेल तर फसवलं कुणी? या प्रश्नाचं उत्तर त्याला दिसत होतं आणि त्याकडं बघायची त्याची तयारी नव्हती. पडद्यावर हिरव्या रंगाचे उभे पट्टे आले, सगळे एका लाल रेघेच्या खाली. तीस दुपारी होत्या त्या. त्यानं राखलेल्या, निवडून दिलेल्या, त्याच्या वाऱ्याच्या. त्याच्या बापाच्या वाऱ्याच्या.

पदूनं त्याला कोपरानं ढोसलं. "तू सांगितलास तिला? अकरा ते पाच?" जयवंतानं तोंडातली सुपारी गालात सरकवली. "आरं बोल की. नाय म्हन. उठ आन् सांग, मी असं काय बोललोच नाय. आत्ताच्या आत्ता रिपोट पडतो का नाय बघ." पदूचा आवाज पुढपर्यंत गेला असावा, कारण मंचावरच्या अधिकारीबाईंनी वर बघितलं. ते जयवंत कोण, आलेत का, असं त्यांनी विचारलं आणि पाच-सहा बोटं एकदम त्याच्याकडं वळली. तो उठला. कुणीतरी माइक हातात दिला. माइक अजून कोमट होता.

"बाबा, नियमानं यंत्र रात्रंदिवस चालवायचं असतं," अधिकारीबाई म्हणाल्या. त्यांनी सहज, वयाला मान म्हणून बाबा म्हटलं, आणि जयवंताच्या अंगावर शहारा आला. "इथं लिहिलंय की दुपारची वेळ तुम्ही सुचवलीत. हे खरं आहे का?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर अहवालाचा पाया हलला असता, गाव त्याला खांद्यावर घेऊन गेलं असतं, आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या त्या पोरीवर खोटेपणाचा शिक्का बसला असता. तिनं मान वर केली नव्हती. तिचं बोट बटणावर तसंच होतं. खोटं बोलायला हवं होतं, सोनुबाईसाठी तरी. पण वाऱ्याच्या बाबतीत खोटं त्याच्या तोंडून निघेना. जन्मभर दुसऱ्या कुठल्या गोष्टीत त्याला मान नव्हता.

"होय," तो म्हणाला. "मीच सांगितलं."

"का सांगितलंत?"

"सकाळी लय धुराट असतं. पोरीला खोकला झाला असता म्हनून."

हॉल हसला. कुणी वाईट मनानं हसलं असं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये लोक हसतात तसं हसलं. पांढऱ्या शर्टातला माणूसही हसला. आपण काय बोललो हे जयवंताला हसण्याच्या मागून कळलं. सकाळी धुराट असतं, हेच तर सांगायला सगळा गाव आला होता. ते त्यानं सांगितलं आणि त्याचा विनोद झाला. त्याला पुढं सांगायचं होतं, पहिल्या दिवसाचा काळा कागद, तो दाखवा, तो कुठं आहे. पण माइक पुढच्या रांगेत गेला होता. अधिकारीबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते कळायला मार्ग नव्हता. छापलेल्या सल्ल्याखाली त्याची सही होती आणि आता सहीवर त्याचा आवाजही होता.

"गावाला वाऱ्यावर सोडलास रं जयवंता," पदू म्हणाला आणि उठून मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. हळू आवाजात म्हणाला, म्हणून ते जास्त लागलं. जयवंताला वाटलं, वाऱ्यावर सोडायचं असतं ते फोल. दाणा जड असतो, पायाशी पडतो. आपण उलटं कसं केलं?

बाहेर रसवंतीपाशी नम्रता त्याच्या मागून आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. "बाबा, मी खोटं काही लिहिलं नाही."

"नाय लिहिलंस."

"आमचे सर, मघाशी वाचत होते ते, म्हणाले, दुपारचेच नमुने घे. मग रात्रंदिवस का नाही चालवलं, त्याचं कारण लिहावं लागतं. तुम्ही आधीच म्हणाला होतात, म्हणून मी तेच..." ती थांबली. "माझी नोकरी नवी आहे."

"आन् तो पैला कागद गं? काळा?"

ती रस्त्याकडं बघत राहिली. एक कंटेनर गेला, मग दुसरा. "तो चाचणीचा होता," ती म्हणाली. त्याला तिच्यावर ओरडायचं होतं. सगळं आयुष्य कधी कुणावर ओरडायचं राहून गेलं होतं, ते आज इथं करावं असं वाटलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "खोकला गेला का तुझा?" तिनं मान हलवली आणि तिचे डोळे भरून आले, आणि आपण हे विचारलं याचाच त्याला इतका राग आला की तो पाठ फिरवून चालायला लागला. तिनं मागून हाक मारली. बाबा की काका, ते ट्रकच्या आवाजात कळलं नाही.

गावच्या फाट्यावर तो विक्रम रिक्षातून उतरला तेव्हा दोन वाजून गेले होते. पुलाखालून चालत येताना अंगाला वारा लागला. खालच्या अंगाचा, भरघोस, एकसारखा. रस्त्यावर ट्रक होतेच, सकाळएवढेच, पण त्यांचा धूर घाटाकडं चालला होता आणि इकडं आभाळ धुतल्यासारखं होतं. फोटो काढावा असा गाव. या वेळी कुणी येऊन इथं उभं राहिलं तर म्हणेल, कशाची तक्रार करतात ही माणसं? एरवी असा वारा आला की त्याची पावलं आपोआप खळ्याकडं वळायची. आज तो अंगाला लागला तसा त्याला नकोसा झाला. साठ वर्षं ज्याची वाट बघितली, ज्याच्या भरवशावर खाल्लं, तोच वारा तिकडं टेबलावर जाऊन त्यांच्या बाजूनं साक्ष देऊन आला होता. आणि वाऱ्याला बोट धरून तिथं नेलं ते त्यानंच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

सोनुबाई खळ्यावर वाल वारवत होती. सूप डोक्याएवढं उचलून हळूहळू ओतत होती; वाल पायाशी पडत होते आणि टरफलं उडून पार बांधापर्यंत जात होती. तिचा श्वास मोकळा होता. ती आज बरी दिसत होती. दुपारी ती नेहमीच बरी दिसायची.

"काय झालं?" तिनं हात न थांबवता विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. नाव वाचलं ते, सही केली ते, पट्टे हिरवे निघाले ते, माइकवर होय म्हणालो ते. लोक हसले ते सांगताना त्याचा आवाज थोडा चिरकला. "पोरीला खोकला व्हईल म्हनून बोललो गं मी. मला काय ठाव, तेचाच असा रिपोट करतील. फसवलं मला." फसवलं हा शब्द त्यानं दोनदा उच्चारला. त्याला वाटत होतं, ती पदूसारखं काहीतरी बोलेल, चिडेल, निदान त्या पोरीला चार शिव्या घालेल, म्हणजे त्याला तिची बाजू घेता येईल किंवा दोघांना मिळून रागावता येईल. सोनुबाईनं सूप रिकामं केलं. खाली बसून पुन्हा भरलं. पदरानं तोंड पुसलं.

"चार वर्सं झाली," ती म्हणाली, "रोज पाचाला उठत्ये. अंगन झाडत्ये, नळावर जात्ये. तुमी हातरुनात असताव. खोकत्ये ती आयकू येत असंल ना तुमाला?"

त्यानं पायाशी पडलेला एक वाल उचलून सुपात टाकला.

"ती पोर एक दिस खोकली, तर तिला सांगितलाव, सकाळची येऊ नको, मरशील." तिनं सूप उचललं. आवाज चढलेला नव्हता; वाल किती निघाले ते सांगावं तसं ती सांगत होती. "बरंच केलाव. लोकाची पोर. पन मला कवा सांगितलाव नाय, सकाळची उठू नको म्हनून."

टरफलं उडाली आणि त्याच्या पायांवरून बांधाकडं गेली. तो उभ्या जागी उभा राहिला. तिनं एक सूप ओतलं, दुसरं ओतलं, तिसरं भरलं, आणि एकदाही खोकली नाही. वारा चांगला होता. पाच वाजेपर्यंत तो असाच राहणार होता, हे जयवंताला ठाऊक होतं.